नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल

संगीत शारदा, मृच्छकटिक आणि संशयकल्लोळ या नाटकांचे कर्ते कै. गोविंद बल्लाळ देवल यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असे मराठी कुटुंब क्वचितच सापडेल. देवस्थानाच्या उत्सवात ज्यांनी एकदा तरी तोंडास रंग लावला आहे, त्यांस तर ते घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे परिचयाचे आहे. परंतु देवलांनी उभ्या आयुष्यात लिहिलेली नाटके अवघी सात, आणि त्यांपैकी सर्वस्वी स्वतंत्र असे एकच. साठ वर्षांच्या आयुष्यात एवढेच लेखन करणाऱ्या या बुद्धिमान पुरुषाचा बाकीचा काळ कोठे गेला, असा प्रश्न कोणासही पडावा. तो गेला तालमीत. दुसऱ्यांनी बोलावयाची वाक्ये त्यांच्याकडून शंभरदा म्हणवून घेण्यात, कोवळ्या पोरांचे उच्चार सुधारण्यात, आणि एका नाटक मंडळीतील सर्व माणसांस एका सुरात आणण्यात तो गेला. ग्रंथालयाच्या फळीवर या कामाची खूण राहत नाही. म्हणून देवलांच्या नाटकांविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यांच्या या दुसऱ्या आणि आमच्या मते अधिक मोठ्या कार्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. बेळगावाशी त्यांचा ऋणानुबंध होता, हेही त्याचे एक कारण आहेच.

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा या नद्यांचा जेथे संगम होतो, तेथे हरिपूर हे गाव आहे. संगमावर संगमेश्वराचे प्राचीन देवालय आहे. गोविंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला व त्यांचे बालपण या गावी गेले. नदी, घाट, देवळातील कीर्तने आणि पुराणे यांच्या संगतीत वाढलेल्या मुलाच्या कानास भाषेची जी सवय होते, ती त्यांच्या पुढील पदरचनेत पदोपदी दिसते. त्यांची पदे कठीण शब्दांनी कधी अडत नाहीत. घरातील बाईमाणसांच्या तोंडी सहज बसावी अशी ती भाषा आहे.

हरिपुराशेजारच्या सांगलीतच त्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८४३ साली, मराठी नाटकाचा पाया घातला गेला होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांस तसे खेळ मराठीत करण्याची आज्ञा केली, आणि सीतास्वयंवर हा पहिला खेळ झाला. भाव्यांच्या खेळांची रीत येथे थोडी सांगणे अवश्य आहे, कारण ती ध्यानात आल्यावाचून देवलांच्या कामाचे महत्त्व उमगणार नाही. त्या खेळांत पदे सूत्रधार म्हणे. पात्रांनी प्रवेश करावा, पदातील प्रसंगास अनुसरून हावभाव करावेत आणि मग आपापल्या बुद्धीने भाषणे करावीत, असा प्रघात होता. भाषणे लिहिलेली नसत. ज्याची वाणी चांगली आणि कथा पाठ, तो वेळ मारून नेई. ज्याची नसे तो आरडाओरड्यावर भागवी. राक्षसांच्या प्रवेशात तर आरडाओरडा हाच गुण गणला जाई. अशा खेळास युद्धाच्या उड्या आणि वेशभूषा शिकवणारा वस्ताद पुरे होता. वाक्य कसे बोलावे हे शिकवणाऱ्या माणसाची तेथे गरजच उत्पन्न झाली नव्हती.

ती गरज उत्पन्न केली अण्णासाहेब किर्लोस्करांनी. भाव्यांचा पहिला खेळ ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, ३१ मार्च १८४३ रोजी, आज बेळगाव जिल्ह्यात मोडणाऱ्या गुर्लहोसूर गावी त्यांचा जन्म झाला. ते काही काळ बेळगावात शिक्षक होते. गोविंदरावांचे शिक्षणही बेळगावासच झाले, आणि पुढे त्यांनीही येथे शिक्षकाचा पेशा पत्करला. येथेच त्यांस अण्णासाहेबांचा सहवास लाभला आणि त्यांस त्यांनी जन्मभर गुरू मानले. मराठी संगीत नाटकाची पहिली गुरुशिष्य जोडी शाळेच्या फळ्यासमोर उभी राहणारी होती, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. वर्गात बसलेली चाळीस मुले सारख्या बुद्धीची नसतात. हुशार मुलगा गुरुजींवाचूनही शिकतो. गुरुजींची परीक्षा होते ती मागच्या बाकावरील मुलापाशी. देवलांनी नाटक मंडळीत जे केले, त्यात शाळामास्तराची ही दृष्टी शेवटपर्यंत राहिली.

अण्णासाहेबांनी पुण्यात एका पारशी मंडळीचा इंद्रसभेचा खेळ पाहिला आणि आपल्या भाषेत असे का होऊ नये, या ईर्ष्येने कालिदासाच्या शाकुंतलाचे संगीत रूपांतर हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक झाले. या प्रयोगात पात्रे आपापली पदे स्वतः म्हणू लागली आणि लिहिलेली भाषणे लिहिली तशीच बोलू लागली. ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिचा उल्लेखही करावा असे कोणास वाटणार नाही. परंतु मंडळीच्या घरात तिने मोठीच क्रांती केली. आता नटास सुरेल गळा हवा, शुद्ध वाणी हवी, पाठांतर हवे, आणि गाणे संपून बोलणे सुरू होते तेथे सांधा दिसू नये, एवढी दोहोंची मिळवणी हवी. असा नट तयार मिळत नसे. कीर्तनकारांच्या घरची, गवयांच्या घरची, क्वचित शाळा सोडून पळालेली पोरे मंडळीत येत. कोणास गाता येई पण वाचता येत नसे, कोणास वाचता येई पण गळा नसे. त्यांस वर्षानुवर्षे घडवावे लागे. १८८२ साली सौभद्राचे पहिले अंक रंगभूमीवर आले आणि बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा महाराष्ट्रभर गाजली. त्यांचा गळा ईश्वराने दिलेला होता यात संशय नाही. पण गळा देऊन ईश्वर थांबतो, उरलेले काम तालीममास्तरास करावे लागते.

अण्णासाहेबांस हे काम फार दिवस करता आले नाही. रामराज्यवियोग हे तिसरे नाटक अपुरे टाकून २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. नवजात मंडळीच्या डोक्यावरील छत्र गेले. भाऊराव, शंकरराव मुजुमदार, नानासाहेब जोगळेकर यांनी मंडळीचा संसार चालविला, आणि देवलांनी तिला नाटके दिली.

देवलांची पहिली नाटके पाहिली म्हणजे ते नटांस समोर ठेवून लिहीत असे दिसून येते. दुर्गा (१८८६) व झुंजारराव (१८९०) ही गद्य नाटके इंग्रजी नाटकांवरून घेतलेली आहेत. झुंजारराव म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी ही भूमिका गाजविली. शूद्रकाचे मृच्छकटिक व कालिदासाचे विक्रमोर्वशीय त्यांनी संस्कृतातून आणले, आणि बाणभट्टाच्या कादंबरीवरून शापसंभ्रम (१८९३) रचले. कथा परकी असो वा प्राचीन, वाक्य मात्र असे की नटाच्या जिभेस ठेच लागू नये. श्वास कोठे घ्यावा, शब्द कोणता उचलावा, हे लेखणीतच ठरलेले असे. जो माणूस दुपारी लिहितो आणि संध्याकाळी तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, त्याच्या लेखनात अवजड शब्द टिकू शकत नाही. देवलांच्या भाषेचा साधेपणा हा तालमीने घासून आलेला साधेपणा आहे, असे आम्हांस वाटते.

या मंडळ्यांचा दिनक्रम कसा असे, हे आजच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. नाटक मंडळी म्हणजे फिरते एकत्र कुटुंब होते. मालक, नट, गवई, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी आणि पोरेसोरे मिळून मोठा कबिला असे, आणि तो पडदे, पेटारे, भांडीकुंडी घेऊन आगगाडीने गावोगाव हिंडे. प्रत्येक गावी बिऱ्हाड थाटले जाई. एका पंगतीत जेवण होई. आठवड्यातून ठरलेल्या दोन-तीन दिवशी खेळ. खेळ रात्री सुरू होऊन पहाटेच्या सुमारास आटोपावयाचा. खेळ नसे त्या दिवसांत सकाळी गाण्याची मेहनत आणि दुपारनंतर तालीम. एक नाटक बसविण्यास महिनेच्या महिने लागत, आणि बसल्यावरही त्याची तालीम संपत नसे. नवा मुलगा आला, कोणाचा आवाज फुटला, कोणी मंडळी सोडून गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई.

तालमीचा क्रमही ठरलेला असे. प्रथम सर्व मंडळीस बसवून नाटक वाचून दाखवावयाचे. मग ज्याला त्याला आपल्या भूमिकेची नक्कल मिळे. नक्कल म्हणजे त्या पात्राची भाषणे व त्यांच्या आधीच्या वाक्यांची शेपटे लिहिलेली वही. ती पाठ झाल्यावर बसून तालीम, ती उत्तम झाल्यावर उभे राहून हालचालींसह तालीम, आणि शेवटी पोशाख, पडदे व साथ यांसह रंगीत तालीम. या क्रमात एक मोठा धोका दडलेला आहे आणि तो आमच्या उत्सवी नाटकांत दरवर्षी दृष्टीस पडतो. नक्कल हाती आली की नटास आपलीच वाक्ये तेवढी ठाऊक होतात. दुसरा बोलत असता तो आपल्या शेपटाची वाट पाहत खांबासारखा उभा राहतो. मग रंगभूमीवर आठ माणसे असली तरी नाटक एकट्याचेच चालते. पंधरा दिवसांच्या तालमीत हा दोष जात नाही, त्यास वर्षे लागतात.

देवलांची थोरवी नेमकी येथे होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नटांत गणपतराव बोडसांचे नाव पहिल्याने घेतले पाहिजे. १८८० साली जन्मलेले बोडस कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ गद्य नट म्हणून त्यांची ख्याती झाली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या माझी भूमिका या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या काळचे मंडळीतील जीवन वर्णिले आहे. देवलांच्या शिकवणीचा गाभा पाहू गेल्यास तो असा की, आधी अर्थ आणि मग आवाज. वाक्याचा अर्थ नटाच्या मनात उतरल्यावाचून त्याने हात हलवू नये. पद म्हणताना शब्द प्रेक्षकास कळलाच पाहिजे, कारण ते पद त्या पात्राचे बोलणेच आहे, केवळ बोलण्याची पातळी उंचावली आहे. ज्या रंगभूमीवर गाण्याची ओढ दिवसेंदिवस वाढत होती, तेथे हा आग्रह धरणे सोपे नव्हते. टाळ्या तानेस पडतात. शुद्ध उच्चारास टाळी पडल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

शारदा नाटकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. देवलांचे हेच एक स्वतंत्र नाटक. हरिपुरास कृष्णेच्या काठी बसून त्यांनी ते लिहिले असे त्या गावी सांगतात. १३ जानेवारी १८९९ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला तो पुण्यामुंबईस नव्हे, तर होळकरांच्या इंदुरास. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजाने या कलेस किती आधार दिला आहे, याची ही एक साक्ष आहे. कथा सर्वांस ठाऊक आहेच. कांचनभट हा लोभी बाप आपली अल्पवयीन कन्या शारदा हिला भुजंगनाथ नामक धनाढ्य थेरड्यास देऊ पाहतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ गोड बोलून सौदा जुळवितो. लग्नमंडपात कोदंड नावाचा तरुण वधूवर एकाच गोत्राचे असल्याचे उघडकीस आणतो आणि लग्न मोडते. पण मोडलेल्या लग्नाचा कलंक शारदेच्याच माथी येतो. ती नदीत जीव देण्यास निघते, कोदंड तिला वाचवितो, आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचा विवाह होतो.

हे नाटक एका मोठ्या नटावर उभे राहू शकत नाही. त्यात शारदा आहे, परंतु तिच्याभोवती तिच्या मैत्रिणी आहेत, हतबल झालेली आई आहे, लग्नघरातील माणसे आहेत. वरचा थेरडा केवळ हास्यास्पद झाला तर शारदेचे दुःख पोरखेळ होते, आणि तो केवळ दुष्ट झाला तर विनोद मरतो. मैत्रिणींची थट्टा रंगली नाही तर पुढे शारदेचा एकटेपणा प्रेक्षकांच्या काळजास भिडत नाही. म्हणजे दोन वाक्ये बोलणाऱ्या पोरानेही आपली दोन वाक्ये कोणत्या दुःखाच्या शेजारी उभी आहेत हे जाणले पाहिजे. आणि पोर असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. शारदा आणि तिच्या सर्व मैत्रिणी त्या काळी मुलगेच होत असत. कुलस्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकणे कल्पनेतही नव्हते. मुलींच्या वतीने मुलींचे गाऱ्हाणे मांडण्याचे काम देवलांना बारा-चौदा वर्षांच्या मुलग्यांकडून करून घ्यावयाचे होते. ज्या मुलास बहिणीच्या पाठवणीपलीकडे स्त्रीदुःखाची माहिती नाही, त्यास पदराआड डोळे पुसणे शिकविता येते. पण बापाच्या तोंडावर न बोलता उभे राहण्यातील वेदना शिकविण्यास महिने लागतात. या मुलग्यांनी ती पेलली आणि मराठी घरांतून बाला-जरठ विवाहाची लाज वाटू लागली, ही नाटकाच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट आहे.

येथे एक सांगून ठेवतो. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास लोक शारदा कायदा म्हणतात, आणि आमच्याकडील अनेकांची अशी समजूत आहे की देवलांच्या नाटकावरून हे नाव पडले. वस्तुतः ते अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले आहे. चुकीची असली तरी ही समजूत नाटकाच्या प्रभावाचे माप देऊन जाते.

स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलग्यांचा विषय निघाला तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहाव्या-बाराव्या वर्षी घर सोडून आलेल्या या मुलांचे शालेय शिक्षण तेथेच थांबे. आवाज फुटला की कालपर्यंत शकुंतला असलेला मुलगा एका आठवड्यात कोणीच उरत नसे. जी मंडळी गळ्यापुरती पोरे बाळगीत, तेथून अशी मुले निराधार होऊन बाहेर पडत, आणि त्यांचे पुढे काय झाले याचा कोणी हिशेब ठेवला नाही. त्या रंगभूमीच्या वैभवाचे गोडवे गाताना हा हिशेब आम्हांस नेहमी टोचतो. दीर्घ तालमीचा खरा उपयोग येथेही होता. ज्यास केवळ दहा पदे शिकविली होती त्याचे भांडवल आवाजाबरोबर संपे. ज्यास बोलणे, ऐकणे आणि अर्थ लावणे शिकविले होते, तो पुरुषभूमिकेकडे वळू शकत असे, निदान दुसऱ्यास शिकवू शकत असे.

१९०१ साली भाऊराव कोल्हटकर ऐन उमेदीत कैलासवासी झाले. ज्याच्या नावावर तिकिटे खपत तो गेला, आता मंडळी बुडणार, असे भाकीत पुष्कळांनी केले असेल. मंडळी बुडाली नाही. उत्पन्न घटले असेल, पण सौभद्र, मृच्छकटिक, शारदा चालूच राहिली, कारण ती एका माणसाच्या गळ्यात नव्हती. ती साऱ्या मंडळीच्या अंगात मुरलेली होती. देवलांच्या आयुष्याचे सार आम्हांस या चार-पाच वर्षांत सापडते, आणि गंमत अशी की या वर्षांविषयीच सर्वांत कमी लिहिले जाते.

१९०५ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पाठबळाने नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा तरुण मंडळीत आला. लोकमान्यांच्या तोंडून पडलेले बालगंधर्व हे नाव त्यास आधीच चिकटले होते. मिरजेस त्याची शकुंतला झाली आणि मराठी रंगभूमीवर नवे युग उगवले. बालगंधर्वांचे रूप आणि गळा यांविषयी सांगण्यासारखे काही उरलेले नाही. गाण्यात भास्करबुवा बखल्यांचे शिष्यत्व त्यांनी केले हेही प्रसिद्ध आहे. परंतु अभिनयातील त्यांचे गुरू देवल होते. त्या स्त्रीभूमिकांतील अदब, बोलण्यातील मार्दव, पद सुरू होण्यापूर्वीचा तो अर्धा क्षण, यांमागे पन्नाशी ओलांडलेल्या या शिक्षकाचे कष्ट होते. एकाच तालमीतून बालगंधर्व आणि बोडस असे दोन भिन्न प्रकृतीचे नट निघावेत, यातच शिक्षकाची पारख आहे. वाईट गुरूचे सर्व शिष्य गुरूसारखे दिसतात. देवलांचे शिष्य एकमेकांसारखेही दिसत नाहीत.

पुढे १९११ साली मानापमानाने मोठे यश पाहिले, त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर गेले, आणि मंडळीत बेबनाव वाढला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. या फुटीचे दोष-गुण वाटण्याचे काम आम्ही करीत नाही. मूळ किर्लोस्कर मंडळी त्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. गोव्यातील मंगेशीहून आलेला दीनानाथ मंगेशकर हा तेजस्वी मुलगा तिच्यातच पुढे आला आणि १९१८ साली त्यानेही सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. एका झाडाच्या फांद्या लावाव्यात आणि त्यांची झाडे व्हावीत, तसे हे झाले.

वृद्ध देवलांनी आता गंधर्व मंडळीसाठी एक जुने काम पुन्हा हाती घेतले. मोलिएरच्या एका प्रहसनावरून निघालेले मर्फीचे इंग्रजी नाटक त्यांनी पूर्वीच फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा या नावाने गद्यात मराठीत आणले होते. त्यास पदे घालून त्यांनी संगीत संशयकल्लोळ सिद्ध केले. पात्रांस नक्षत्रे आणि महिने यांची नावे देण्याची त्यांची मौज पहा. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, आणि नोकर भादव्या. सारे पंचांगच एकमेकांविषयी संशय घेत फिरते! एका तसबिरीवरून नवरा बायकोवर, बायको नवऱ्यावर आणि प्रियकर प्रेयसीवर संशय घेतो.

नाट्यशिक्षणाचा कस पाहावयाचा तर या नाटकासारखे दुसरे नाही. शोकनाटकात एखादा नट अर्धा क्षण उशिरा आला तर प्रेक्षक त्यास गांभीर्य समजून क्षमा करतात. प्रहसनात तो अर्धा क्षण चुकला की हशा गेला. चोरून ऐकणाऱ्याने खरे ऐकले पाहिजे, संशय घेणाऱ्याने खरा संशय घेतला पाहिजे. कोणी प्रेक्षकांस हसवावयास म्हणून हसविले की घोटाळा खोटा पडतो. नोकर भादव्याचा प्रवेश फाल्गुनरावाच्या नजरेशी जुळला पाहिजे, कृत्तिकेचा आवाज त्या नजरेच्या आधी चढता कामा नये. घड्याळातील दातेरी चाकांप्रमाणे सर्वांचे सर्वांशी जमले पाहिजे. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती ही जोडी पुढे दंतकथेप्रमाणे झाली, तिच्या पाठीमागे हा मेळ होता.

या मेळाचे पुढे काय झाले, तेही निःपक्षपणे लिहिले पाहिजे. गंधर्व मंडळीच्या भरभराटीत पदांस पुन्हा पुन्हा मागणी येऊ लागली, एकेक पद बराच वेळ रंगू लागले, आणि बाकीची पात्रे गाणे संपण्याची वाट पाहत उभी राहू लागली. प्रेक्षक नाटकास न जाता बालगंधर्वांस ऐकावयास जाऊ लागले. त्या दैवी गायनाने जो आनंद दिला त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु भोवतालच्या मंडळींची वर्षानुवर्षे चालणारी तालीम ज्या रंगभूमीचा कणा होती, तिचा तोल तेव्हापासून ढळू लागला, हे आमचे मत आहे आणि ते अनेक जुन्या रसिकांचेही होते. बोलपट आल्यावर संगीत मंडळ्या एकामागून एक कोसळल्या, त्याची कारणे पैशाची होती तशीच हीही होती.

देवलांना यातील काहीच पाहावे लागले नाही. १४ जून १९१६ रोजी त्यांचे देहावसान झाले. संशयकल्लोळाच्या संगीत अवताराचा प्रयोग रंगभूमीवर आला तो त्याच वर्षी, पण त्यांच्या पश्चात. त्यांच्या स्मृतिदिनी, १४ जून रोजी, अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद कलावंतांचा गौरव करीत आली आहे. त्या दिवशी नट आणि नाटककार यांची नावे पुकारली जातात.

बोडस १९६५ पर्यंत आणि बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. देवल गेल्यावर तीनच वर्षांनी, १९१९ साली, गडकऱ्यांच्या एकच प्यालामध्ये बोडसांनी दारूच्या आहारी गेलेला सुधाकर उभा केला आणि बालगंधर्वांनी त्याची फाटक्या लुगड्यातील सिंधू. ते नाटक बसविताना तालमीच्या जागी देवल नव्हते. परंतु ज्यांनी ती दोघे पाहिली, त्यांनी सांगून ठेवले आहे की सिंधू बोलत असता सुधाकर ऐके आणि सुधाकर बोलत असता सिंधू ऐके.